बोरू बाजूला ठेवल्यावर

परंड्याच्या स्टँडवर लागलेल्या गाडीची पाटी 'बार्शी' सांगत असेल तर ती पूर्वेला जाणार, 'वाशी' सांगत असेल तर ईशान्येला. कागदावर या दोन नावांत घोटाळा होण्याचं कारण नाही. पण पाटी जुनी, अक्षर ठसठशीत जाड, वेळ दिवेलागणीची आणि बघणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, असं सगळं जुळून आलं की 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजते, डोक्यावरचा रफार शिरोरेषेला चिकटतो आणि बार्शीची वाशी होते. शेजारच्या 'भूम'ची गतही तीच. 'भ'च्या डाव्या माथ्यावरचा वळसा आणि शिरोरेषेतली फट भरून निघाली की उरतो नुसता 'म'. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे 'धाराशिव' झालं तेव्हा नव्या पाट्यांवर पहिलंच अक्षर आलं ते 'ध', ज्याला 'घ' व्हायला तेवढीच फट बुजायची खोटी. अक्षररचनाकाराला कसोटीसाठी मजकूर हवा असेल तर आमच्याकडच्या एसटीच्या वेळापत्रकाचा फळा पुरे आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरचं अक्षर मुकाट्याने बदललं. फोनवर, बँकेच्या अ‍ॅपमध्ये, सरकारी संकेतस्थळांवर, दुकानाच्या पाटीवर, बातमीच्या मथळ्यात आता दिसतं ते बहुधा एकसारख्या जाडीच्या रेघेचं, लेखणीचा माग पुसलेलं अक्षर. लॅटिन लिपीतल्या सॅन्स सेरिफचं हे देवनागरी भावंड. त्याचा स्वभाव काय, ते कुठे शोभतं, कुठे नडतं आणि मराठीला त्यातून काय मिळालं, हे एकदा नीट बघायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. देवनागरीत हे वळण वादात जिंकलेलं नाही, पडद्यामुळे आलं आणि राहिलं. त्याचा खरा कस रेघेच्या एकसारखेपणात नसून गाठी, फटी आणि पोकळ्या त्याने किती सांभाळल्या यात लागतो.

लॅटिनमधली कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रेघांच्या टोकांना पाय नसलेला छपाईचा पहिला टाइप विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६च्या सुमारास लंडनमध्ये काढला, तोही नुसत्या मोठ्या अक्षरांचा. एकोणिसावं शतकभर असली अक्षरं जाहिरातींची आणि भित्तिपत्रकांची मानली गेली. १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टनने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेल्या अक्षरांनी त्यांना प्रतिष्ठा दिली. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेल्व्हेटिका आणि फ्रान्समध्ये एड्रियन फ्रुटिगरचं युनिव्हर्स आलं आणि विमानतळापासून औषधाच्या खोक्यापर्यंत सगळीकडे सॅन्स सेरिफचं राज्य झालं. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांसाठी केलेलं ट्रान्सपोर्ट हे वळण १९६५पासून तिथल्या प्रत्येक फाट्यावर आहे. धावत्या गाडीतून वाचायचं अक्षर म्हणजे नुसतं मोठं अक्षर नव्हे, हे त्या दोघांनी प्रत्यक्ष चाचण्या घेऊन दाखवलं.

देवनागरीचं गणित वेगळं आहे. आपल्या अक्षरांना पाय कधी नव्हतेच. होता तो बोरूचा जाड-बारीकपणा. देवनागरीचा बोरू तिरपा छाटतात तो लॅटिनच्या उलट बाजूला, त्यामुळे त्यांची जिथे रेघ जाड तिथे आपली बारीक आणि त्यांची बारीक तिथे आपली जाड. अनुस्वार गोल ठिपका नसून तिरका चौकोन असतो तोही त्याच छाटामुळे. बोरू टेकवला आणि उचलला की तो आकार आपोआप उमटतो. 'परंडा' या नावातला अनुस्वार आज पाटीवर वाटोळा दिसतो, तिथे बोरू संपलेला असतो. म्हणजे देवनागरीत सॅन्स करायचं तर टोकं छाटून भागत नाही, लेखणीची चाल काढून घ्यावी लागते. आणि ती काढल्यावर अक्षराला उभं राहायला दुसरा आधार द्यावा लागतो. तो कोणता, यावरच सगळा झगडा आहे.

ही चाल जपणारा एक मोठा दाखला परंडा तालुक्यातच आहे. सीनेकाठच्या डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणांनी लिहून घ्यायचं, असा दासबोध झाला ही परंपरा, आणि कल्याणांच्या हातची प्रत डोमगाव मठाची म्हणूनच ओळखली जाते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला तो या प्रतीच्या आधारे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. सुलेखनाचे वर्ग घेणारे तो अक्षर सुंदर काढण्याचा उपदेश म्हणून वाचतात. मला तो वाचनीयतेवरचा मराठीतला पहिला निबंध वाटतो. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, काना-मात्रा-वेलांटी-रफार जिथल्या तिथे असावेत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ओळींमधलं अंतर सारखं असावं, कागदाला चहूकडे समास सोडावा, हे सगळं त्यात आहे. शिवाय एक बारकावा आहे जो आजच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांनी भिंतीवर लावावा: तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी ते उपयोगी पडणार नाही, म्हणून मध्यम अक्षर लिहावं. सतराव्या शतकातली ही सूचना. यात दागिन्यांबद्दल फारसं काही नाही. एकसारखेपणा, मोकळीक आणि आकार, या तिन्ही गोष्टी चांगल्या सॅन्स सेरिफकडूनही आपण मागतो.

छापखाना आला तेव्हा बोरूची चाल शिशात उतरली. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हाताने कोरलेल्या तिथल्या वळणाने मराठी आणि संस्कृत वाचकाच्या डोळ्याला जी सवय लावली ती शंभर वर्षं टिकली. आजही 'छान छापलेलं पुस्तक' म्हटलं की आपल्या मनात येतं ते त्याच घराण्यातलं अक्षर. अडचण होती खिळ्यांच्या संख्येची. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून एका टाइपाचे शेकडो खिळे लागत आणि जुळाऱ्याला केसांचं, म्हणजे खिळ्यांच्या पेट्यांचं, जंगल सांभाळावं लागे. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या कामातून ही संख्या कमी करण्याचे प्रयोग केले. या सगळ्या प्रवासाच्या अभ्यासाचा पाया म्हणून बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा, १९७१ साली राज्याच्या भाषा संचालनालयाने काढलेला तीन खंडांचा ग्रंथ आहे. आजचा कोणताही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतो.

पण एकसारख्या जाडीची देवनागरी संगणकाने आणली असं समजणं चूक आहे. ती आधीच दोन दारांनी आत आली होती. एक दार टंकलेखन यंत्राचं. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. पोलीस कारवाई झाली, पुढे राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा महाराष्ट्राच्या वाटेवर आला आणि तहसील कचेऱ्यांतून मराठी कागद निघू लागले. टंकयंत्रावर रेघ जाड-बारीक ठेवणं व्यवहारात जमत नाही, खिळ्याच्या एका ठोशात सगळं अक्षर सारखंच उमटावं लागतं. म्हणून नोटिसा, दाखले, कोर्टाचे निकाल यांतलं अक्षर सपाट, एकजाडीचं आणि खरं सांगायचं तर कुरूप होतं. मात्रा किंचित सरकलेली, जोडाक्षर फोडून लिहिलेलं. तरी लोकांनी ते वाचलं, जपून पेटीत ठेवलं आणि त्यावर सरकारी शिक्का पाहून विश्वासही ठेवला. सपाट अक्षर म्हणजे सरकारी अक्षर ही जोड तिथून आली.

दुसरं दार पेंटरचं. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, भिंतींवरच्या कुटुंबनियोजनाच्या आणि खतांच्या जाहिराती रंगवणारे पेंटर ठोकळा अक्षर काढत. आधी खडूने दोन ओळी आखायच्या, अक्षराची बाह्यरेषा काढायची, मग आत रंग भरायचा. त्यात बोरूचा छाट उरत नसे, पण डोळ्याचा अंदाज पक्का असे. चांगला पेंटर 'भ' किंवा 'ध' काढताना डाव्या बाजूची फट मुद्दाम रुंद ठेवी, कारण पाटी रस्त्यापलीकडून वाचायची आहे हे त्याला ठाऊक होतं. मुंबईत कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना जे नाट्य दिलं त्याची कीर्ती झाली. तालुक्याच्या गावच्या पेंटरांची मात्र कुठे नोंद नाही आणि फ्लेक्स आल्यावर त्यांच्या पाट्याही गेल्या.

रचनाकारांनी जाणीवपूर्वक हात घातला तो १९६०नंतर. फ्रुटिगर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि युनिव्हर्सच्या जोडीला चालेल अशी देवनागरी करण्याचा प्रयत्न झाला. महेंद्र पटेल यांनी त्याच्यासोबत काम केलं आणि पुढे त्या संस्थेत पिढ्या घडवल्या. महाराष्ट्रात ल. श्री. वाकणकरांनी 'गणेशविद्या' लिहून लिपीचा इतिहास आणि यंत्र यांची सांगड घालायचा आग्रह धरला, पुण्यात मुद्राक्षर संशोधनाची संस्था उभी केली. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे सगळ्यांचे आर. के., कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातले मुरलेले गृहस्थ आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिक्षक. विंडोज २०००सोबत घरोघरी गेलेला मंगल हा फॉन्ट त्यांचा. मंगलला नावं ठेवणं सोपं आहे. ओळींमध्ये फार जागा खातो, छापला तर पोरका दिसतो. पण तो जाड ठिपक्यांच्या पडद्यासाठी केलेला होता आणि युनिकोडमधली मराठी पहिल्यांदा कोट्यवधींना वाचता आली ती त्याच्यामुळे. पूर्ण सॅन्स नव्हे, पूर्ण बोरूही नव्हे, असा तो मधला टप्पा आहे.

खरी उसळी आली २०१४च्या आसपास. गूगलने भारतीय लिप्यांसाठी मोफत फॉन्ट करवून घ्यायला सुरुवात केली आणि मुंबई, अहमदाबादच्या तरुण रचनाकारांना काम मिळालं. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स, तेको, खंड हे सगळे त्या दोन-तीन वर्षांतले. यांनी आणलेली सर्वांत मोलाची गोष्ट देखणेपणा नाही, वजनांची उतरंड आहे. लॅटिनमध्ये मोठी अक्षरं आहेत, तिरपी अक्षरं आहेत. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं करायला त्यांच्याकडे बरीच हत्यारं. देवनागरीला मोठी लिपी-छोटी लिपी नाही आणि तिरपं अक्षर आपल्याला उसनंच वाटतं. उरतो फक्त जाडीचा फरक. पूर्वी साधा आणि ठळक एवढे दोनच पर्याय असत. मुक्तात सात वजनं आली, पॉपिन्समध्ये नऊ. मथळा, उपमथळा, चौकट, चित्रओळ यांना वेगवेगळा आवाज देता येऊ लागला. मराठी नियतकालिकांच्या पानांत गेल्या दशकात जो नीटनेटकेपणा दिसतो त्याचं श्रेय बऱ्याच अंशी या उतरंडीला आहे.

आता एकेक वळण जवळून पाहू. मुक्ता, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा, माझ्या मते या सगळ्यांत समतोल. रेघ एकजाडीची भासते पण खरोखर तशी नाही. जोडावर, गाठीपाशी ती हळूच बारीक होते आणि काळोख साचू देत नाही. 'ष्ट्र' किंवा 'द्ध'सारख्या गर्दीच्या जागी हे कळतं. दळवींनी आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात देवनागरी टाइपांच्या वर्गीकरणावर पीएच.डी.चं काम केलं आहे, आणि अभ्यासाचा हा पाया वळणात दिसतो. हिंद थोडा अधिक आटोपशीर, अ‍ॅपच्या बटणांवर आणि याद्यांमध्ये चांगला. नोटो सॅन्स देवनागरी हा बहुतेक अँड्रॉइड फोनांतला रोजचा पाणीपुरवठा. त्यात आवडण्यासारखं फार नाही आणि चिडण्यासारखंही फार नाही. जगातल्या शंभरावर लिप्यांच्या कुटुंबात सामावायचं असल्यामुळे त्याने स्वतःचा सूर खाली ठेवला आहे, आणि फोनमधल्या अक्षराकडून तेवढीच अपेक्षा असावी. आयफोनवाल्यांना भेटतो तो सत्या राजपुरोहित यांचा कोहिनूर, अंमळ अधिक ऐटदार.

पॉपिन्सबद्दल मी साशंक आहे. त्याची लॅटिन बाजू वर्तुळावर बेतलेली, तशीच निनाद काळे यांनी केलेली देवनागरीही. 'ठ', 'ट', 'द' यांना वर्तुळ साजून दिसतं, 'ठ' तर जन्मतःच वर्तुळ आहे. पण 'ज्ञ', 'क्ष', 'ऋ', 'झ' या अक्षरांत वर्तुळ शोधायला गेलं की ती अवघडून बसतात. मथळ्याला, एखाद्या कंपनीच्या नावाला हा कडकपणा शोभतो. दोन परिच्छेद वाचायला लावलेत तर डोळा दमतो. लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप निमंत्रणापासून कोचिंग क्लासच्या पत्रकापर्यंत आज जो तो पॉपिन्स लावतो, कारण तो आयत्या साच्यांमध्ये आधीच बसवलेला असतो. बलू आणि मोदक ही एक टाइपचीच गुटगुटीत भावंडं. त्यांना वाचनीयतेच्या तराजूत घालण्यात अर्थ नाही. मोदकमध्ये पोकळ्यांच्या जागी नुसत्या चिरा उरतात आणि गंमत अशी की तरीही शब्द कळतो, कारण त्या चिरा नेमक्या ओळखीच्या ठिकाणी ठेवल्या आहेत. २०२२ साली आलेला अनेक हा त्याच चमूचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प: लॅटिन धरून दहा लिप्या, आणि जाडीबरोबर रुंदीही हवी तशी कमी-जास्त करता येते. या रुंदीचं मोल पुढे फ्लेक्सच्या वेळी कळेल.

हे सगळे फॉन्ट देवनागरीचे आहेत, पण मराठीचे किती? वळणांच्या बाबतीत मुंबईचा पूर्वी वरचष्मा होता. 'अ', 'झ', 'ण' यांची मुंबई वळणं पुढे देशभर रूढ झाली. 'ल' आणि 'श' मात्र वेगळे राहिले. मराठीचा 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. राज्य सरकारने २००९ आणि २०२२च्या शासन निर्णयांत ही रूपं प्रमाण ठरवली आहेत. फोनवर मात्र मूळ मांडणीत हिंदीचा दंडयुक्त 'ल' दिसतो, आणि मराठी रूप फॉन्टच्या पोटात असूनही झोपलेलं राहतं. संकेतस्थळ करणाऱ्याने मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण केली तरच ते जागं होतं. ही खूण करायला एक क्षण लागतो आणि बहुतेक जण ती करत नाहीत. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतला अर्धा र हे दुसरं मराठी लेणं. नवे फॉन्ट तो नीट दाखवतात, जुने मोडतात. 'अ‍ॅप' लिहिताना अ-वरचा चंद्र अधांतरी तरंगला की समजावं, फॉन्टकर्त्याने मराठी माणसाला मसुदा दाखवलेला नाही. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रासारखे मराठी डोळ्यासमोर ठेवून केलेले मोफत फॉन्ट दिले आहेत, पण ते शोधून, उतरवून घ्यावे लागतात. फोनमध्ये आपोआप येत नाहीत.

वापराकडे वळलं की पहिली पाटी. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, ही अट. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर मोठ्या शहरांत धावपळ उडाली. परंड्यासारख्या गावी पाट्या आधीपासून मराठीतच, तिथे फार फरक पडला नाही. पण ही अट अक्षरांच्या भाषेत फार मजेशीर आहे. लॅटिनची मोठी अक्षरं वरपासून खालपर्यंत भरीव. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, यांना जागा सोडून मधलं अंग बसवावं लागतं. एकाच मापाच्या पट्टीत 'किराणा' आणि इंग्रजी नाव बसवलं तर पट्टी सारखी आणि मराठी नजरेला लहान. मापायचं कुठून कुठे? शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंग निदान लॅटिनच्या मोठ्या अक्षराएवढं हवं, असं मी म्हणेन. पॉपिन्सने हे नेमकं केलं आहे, त्याची देवनागरी अंगाने लॅटिन मोठ्या अक्षरांपेक्षा उंच आहे. इथे त्याला पूर्ण गुण.

एसटीच्या नव्या गाड्यांवर पत्र्याच्या पाटीऐवजी दिव्यांची पाटी असते, आणि तिथे देवनागरीची सत्त्वपरीक्षा होते. समजा उंचीला सोळा दिवे आहेत. तीन-चार वरच्या मात्रेला गेले, तीन उकाराला, एक शिरोरेषेला. उरलेल्या आठ-नऊ दिव्यांत 'ब'चं पोट, त्यातली तिरकी रेघ आणि दोन्हीकडची मोकळी जागा बसवायची. लॅटिनला त्याच पाटीत जवळपास पूर्ण उंची मिळते. इथे कोणताही तयार फॉन्ट दाबून बसवला तर लगदा होतो. या पाटीसाठी दिवा न दिवा मोजून वेगळं अक्षर काढायला हवं: रफार शिरोरेषेपासून एक दिवा सुटा, 'ध' आणि 'भ'ची फट निदान एक दिवा उघडी, 'ब'ची रेघ आडवी चालेल पण दिसली पाहिजे. हे काम चार दिवसांचं आहे आणि ते अक्षर रोज लाखो लोक वाचतील.

आकड्यांच्या बाबतीत सॅन्स निर्विवाद उजवा. बाजार समितीचे भाव, वीजबिल, परीक्षेचा निकाल यांत सगळे आकडे एकाच रुंदीचे, एकाखाली एक बसणारे हवेत. नव्या फॉन्टांत ती सोय आहे. ३ आणि ६ पाठमोरे जुळे, १ आणि ९ दुरून एकसारखे, म्हणून त्यांची तोंडं उघडी ठेवणं महत्त्वाचं. जाता जाता: आकडा आणि अक्षर यांची सरमिसळ करण्यात आमच्या पोरांचा हात कुणी धरणार नाही. आमच्या जिल्ह्याच्या एमएच २५च्या गाडीच्या पाटीवर ४१४१ला शेपट्या जोडून 'दादा' करणारा जो कारागीर आहे, त्याला दोन लिप्यांच्या सांगाड्यांची जाण रचनाकाराइतकीच आहे. आरटीओला ती कला मान्य नाही हा भाग वेगळा.

दीर्घ वाचनाचं काय? लॅटिनमध्ये पायाचं अक्षर जास्त वाचनीय की बिनपायाचं, यावर शंभर वर्षं प्रयोग चालले आणि दिसलेला फरक बहुधा किरकोळ निघाला. झुझाना लिको या रचनाकर्तीचं म्हणणं असं की माणसाला जे अक्षर सर्वाधिक वाचायची सवय तेच त्याला सर्वांत वाचनीय. मराठीत ही सवय अजून दुभंगलेली आहे. फोनवर आपण दिवसभर नोटो वाचतो आणि दिवाळी अंक हातात घेतला की बोरूच्या वळणाची अपेक्षा करतो. कादंबरी सॅन्समध्ये छापण्याची घाई करू नये, असं मला वाटतं, आणि कारण भावनिक नाही. जाड-बारीक रेघेत शिरोरेषा पानभर एका काळ्या दोरीसारखी ताणली जात नाही. एकजाडीच्या अक्षरात ती ताणली जाते आणि ओळींमधलं अंतर वाढवल्याशिवाय पान जड होतं. अंतर वाढवलं की पानं वाढतात, पानं वाढली की किंमत. लहान मुलांच्या पुस्तकांत मात्र, जिथे अक्षर मोठं आणि ओळी थोड्या, तिथे स्वच्छ सॅन्स जरूर वापरावा, अट एवढीच की 'ल' आणि 'श' शाळेत गिरवतात तेच असावेत.

आणि शेवटी डीटीपीचं दुकान, जिथे तालुक्याची बहुतेक अक्षरं प्रत्यक्ष जन्माला येतात. तिथे मुक्ता नाही, अनेक नाही. तिथे आहे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि त्यात बसणारे युनिकोडपूर्व फॉन्ट, ज्यांत मराठी अक्षरं लॅटिनच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतात. ऑपरेटरची बोटं टंकयंत्राच्या कळपटावर पक्की झालेली, आधीच्या हजारो पत्रिका आणि बॅनर त्याच स्वरूपात साठवलेले, आणि त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडची जोडाक्षरं मोडतात. तो बदलत नाही याला आळस म्हणता येणार नाही, त्याच्या धंद्याचा हिशेब तसा आहे. गिऱ्हाईक सांगतं, वाढदिवसाचं नाव फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिजे. ऑपरेटर नाव धरून आडवं ओढतो. उभ्या रेघा फुगून दुप्पट होतात, शिरोरेषा होती तेवढीच राहते, गाठी चपट्या होतात. नाव लांबलचक असेल तर उलट दाबतो आणि शिरोरेषा उभ्या रेघांपेक्षा जाड होते. अनेकसारख्या फॉन्टात रुंदी ओढली तर रेघेची जाडी जागच्या जागी राहते. पण ते त्याच्या यंत्रात चालायला नवी आवृत्ती हवी, नवी आवृत्ती म्हणजे वर्षाची वर्गणी, आणि फ्लेक्सचा दर चौरस फुटावर ठरतो, अक्षरावर नाही.

त्याच दुकानात लग्नपत्रिकेचं काम मात्र वेगळ्या मनाने होतं. पुढच्या बाजूला गणपतीखाली वधूवरांची नावं वेलबुट्टीच्या, झोकदार वळणात. तिथे सपाट अक्षर सुचवलं तर वधूपिता 'नोटीस काढायची आहे का' असं विचारतो. मागच्या बाजूला कार्यालयाचा पत्ता, बसची वेळ, फोन नंबर आणि नकाशाचा काळा-पांढरा चौकोन, तेवढं साध्या एकजाडीच्या अक्षरांत, आणि तिथे कुणाची तक्रार नसते.